रिंगणाआधीची वर्षे



आषाढीच्या वाटेवर आपण रिंगण पाहतो. चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण होते. पुढे पुरंदवडे, खुडूस, ठाकूरबुवांची समाधी, बाजीरावाची विहीर अशी एकेक रिंगणे होत पालखी पंढरीला जाते. मैदानात माणसांची भिंत उभी असते, टाळ-मृदंगाचा गजर आभाळाला भिडलेला असतो, पताका फडफडत असतात आणि अशा गर्दीतून दोन अश्व धाव घेतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी असते, कारण त्या पाठीवर माउली बसतात अशी आपली श्रद्धा. अश्व गेला की आपण त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतो आणि धन्य होतो.

आज त्या धावेच्या आधीच्या वर्षांचा विचार आपण करू. घोडा मुळात भित्रा जनावर. वाऱ्याने कापड हलले तरी तो बिचकतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण कपाळाच्या अगदी पुढचे आणि शेपटीच्या अगदी मागचे दिसत नाही. संकट वाटले की पळून जाणे हीच त्याची ढाल. असा प्राणी लाखोंच्या गजरात, हजारो पताकांमधून, पाठीवर लगाम ओढणारे कोणी नसताना आखलेल्या वाटेने धावतो. हे एका दिवसात साधत नाही. कोणीतरी त्याच्या शिंगरूपणापासून वर्षानुवर्षे धीर धरलेला असतो. आणि तो धीर धरताना भोवतालची माणसे त्याला विचारत असतात, "अजून किती दिवस?"

हा प्रश्न फार जुना आहे. घोड्यांच्या इतिहासात मागे मागे गेले, तर जवळजवळ प्रत्येक काळात दोन माणसे भेटतात. एकाला घाई असते, दुसऱ्याला धीर असतो. आज या दुसऱ्या माणसाची गोष्ट ऐकू.

सुमारे ३४०० वर्षांपूर्वीची गोष्ट घ्या. आज ज्याला तुर्कस्तान म्हणतात त्या देशात हित्ती लोकांचे मोठे राज्य होते. हत्तुशा ही त्यांची राजधानी. तिथल्या उत्खननात मातीच्या विटांवर कोरलेले हजारो लेख सापडले. त्यांत घोडे शिकवण्याचा एक ग्रंथ आहे. त्याच्या आरंभी सांगणाऱ्याने आपले नाव आणि गाव दिले आहे. नाव किक्कुली, देश मितन्नी, धंदा घोडे तयार करण्याचा. त्या काळी लढाई रथांवर जिंकली जाई, म्हणजे राजाला घोडे हवे असत आणि लवकर हवे असत. तरीही किक्कुलीने जो क्रम लावून दिला तो सहा महिन्यांहून अधिक दिवसांचा आहे. कोणत्या दिवशी किती चालवायचे, किती दौडवायचे, कधी पाणी दाखवायचे, कधी अंघोळ घालायची, रात्री दाणा किती आणि गवत किती, हे सारे दिवसावर दिवस लिहिलेले आहे. दौड वाढते ती पायरीपायरीने.

या ग्रंथातील काही शब्द ऐकले तर मराठी माणसाचा कान टवकारतो. घोड्याने किती फेरे घ्यायचे, यासाठी तिथे ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न असे शब्द आले आहेत. एक, तीन, पाच, सात. आणि वर्तन म्हणजे फेरा, वळण. आपल्या भाषांच्या कुळातले हे शब्द इतक्या दूर, इतक्या जुन्या काळी घोड्याच्या रिंगणासाठी वापरले गेले. त्याच मितन्नीच्या राजाने हित्ती राजाशी तह केला तेव्हा साक्षीला मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या देवांची नावे घेतली होती. आज मराठीत वर्तन म्हणजे वागणूक. मूळ अर्थ पाहिला तर वागणूक म्हणजे रोज घेतलेला फेरा. एकेक फेरा नीट घेतला की वर्तन घडते. घोड्याचे असे, माणसाचेही असेच.

आता तिथून हजार वर्षे पुढे, ग्रीस देशात या. तिथे झेनोफन नावाचा लढवय्या होता. सॉक्रेटिस या ज्ञानी पुरुषाचा तो शिष्य. आयुष्यभर घोड्यावर काढल्यावर त्याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वविद्येवर छोटासा ग्रंथ लिहिला. तो आजही वाचला जातो. त्यातील शिकवण अशी. घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये, कारण रागात माणूस असे काही करून बसतो की पुढे पस्तावावे लागते. घोडा एखाद्या वस्तूला भ्यायला तर त्याला मारून त्या वस्तूकडे ढकलू नये. मार बसला की ती वस्तू आणि वेदना यांची त्याच्या मनात गाठ पडते आणि भीती दुप्पट होते. त्याऐवजी माणसाने स्वतः त्या वस्तूला हात लावावा, तिथे काही अपाय नाही हे दाखवावे आणि मग घोड्याला हळूच जवळ न्यावे.

शिंगराविषयी झेनोफन जे सांगतो ते तर प्रत्येक आईबापाने ऐकावे. शिंगरू चाबूकस्वाराकडे पाठवण्याआधी घरीच ते माणसाळलेले असावे. भूक, तहान, माशांचा त्रास हे सारे एकटेपणी भोगावे लागते; चारा, पाणी आणि आराम माणसाच्या हातून मिळतो, असे त्याला वाटू लागले पाहिजे. मग ते माणसावर प्रेम करते आणि माणसाची वाट पाहते. मोतद्दाराने त्याला गर्दीतून फिरवावे, नाना तऱ्हेचे आवाज आणि दृश्ये दाखवावीत आणि ते बिचकले तर शांतपणे समजवावे. मूल विद्येसाठी दुसऱ्याकडे ठेवताना जशा अटी लिहून ठरवतात, तशा शिंगरू शिकवायला देतानाही ठरवून घ्याव्यात, म्हणजे परत येताना त्याला काय यायला हवे हे दोघांनाही ठाऊक राहील.

झेनोफननंतर थोड्याच वर्षांत मॅसिडोनियाच्या राजवाड्यात एक प्रसंग घडला. प्लुटार्क या चरित्रकाराने तो लिहून ठेवला आहे. फिलिप राजापुढे एका व्यापाऱ्याने तेरा टॅलंट एवढ्या मोठ्या किमतीचा घोडा आणला. घोडा कोणाला जवळ येऊ देईना. कोणी बसू गेले की उधळे. राजा चिडला आणि घोडा परत नेण्यास सांगितले. राजाचा मुलगा अलेक्झांडर तेव्हा कोवळ्या वयाचा. तो म्हणाला, या लोकांना घोडा हाताळण्याचे कसब नाही आणि धीरही नाही, म्हणून एवढा चांगला घोडा हातचा जातो आहे. बापाने त्याला झिडकारले, भोवतालचे हसले. मुलाने मात्र एक गोष्ट पाहिली होती. घोडा स्वतःच्याच सावलीला भीत होता. सावली हले आणि तो दचके. मुलाने त्याचे तोंड सूर्याकडे वळवले म्हणजे सावली मागे पडली. मग थोडा वेळ त्याच्या बरोबरीने चालत त्याला थोपटले, अंगावरचा झगा हळूच खाली टाकला आणि अलगद पाठीवर बसला. तोंडाला हिसका न देता लगाम हलका धरला. घोड्याची भीती गेली आणि धावण्याची उमेद उरली, असे दिसल्यावरच त्याने त्याला मोकळे सोडले.

तो घोडा म्हणजे ब्युसेफलस. तो अलेक्झांडरला घेऊन थेट आपल्या भारतभूमीपर्यंत आला. इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये झेलम नदीकाठी पोरस राजाशी लढाई झाली, त्या सुमारास म्हाताऱ्या ब्युसेफलसने देह ठेवला आणि त्याच्या नावाने तिथे नगर वसवले गेले. या गोष्टीत आपल्याला घ्यायचे ते एवढेच. राजवाड्यातल्या सगळ्यांना घोडा वाईट दिसला, एका मुलाला घोडा घाबरलेला दिसला. वाईट म्हटले की चाबूक आठवतो. घाबरलेला म्हटले की सावली कुठे पडते आहे ते शोधावेसे वाटते.

आपल्या देशातही हा विचार होता. अश्वविद्येला आपल्याकडे शालिहोत्र मुनींचे नाव लागलेले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. राज्याला सैन्यासाठी घोडे लागत, तरी शिंगराच्या बाबतीत तो ग्रंथ घाई करत नाही. जन्मल्यापासून दूध, तूप, सातूचे पीठ वाढत्या मापाने द्यायचे. घोडा चार किंवा पाच वर्षांचा झाला म्हणजे पूर्ण वाढलेला आणि कामाला योग्य मानायचा. आजचे पशुवैद्यही याला दुजोरा देतात. घोड्याचे सगळे पक्के दात यायला साधारण पाच वर्षे लागतात. पायांची हाडे आधी पक्की होतात, पाठीच्या मणक्यांची वाढ मात्र पाच वर्षांच्या पुढेही चालू असते. दोन वर्षांचा वछेरा उंचीने मोठा दिसतो. बघणारा म्हणतो, "बसा की आता!" पण ज्या पाठीवर बसायचे ती अजून घडत असते.

आता आपल्या घरच्या अंगणात या. भीमा, नीरा आणि माण या नद्यांच्या खोऱ्यांत पूर्वी नामांकित तट्टे निपजत. भीमेच्या थडीची म्हणून ती भीमथडीची तट्टे. अंगाने लहान, पायाने काटक आणि थोड्या चाऱ्यावर लांबचा पल्ला मारणारी. मराठ्यांचे घोडदळ त्यांच्या जोरावर उभे होते. आपली वारी त्याच खोऱ्यांतून जाते. नीरास्नान करून आपण लोणंदकडे वळतो, तो हाच मुलूख.

त्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिराला सरकारी पागेतला घोडा मिळे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. त्याचा सारा संसार त्या चार पायांवर उभा. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौज मुलूखगिरीला निघे. घरात वछेरा वाढत असेल तर दसरा जवळ येताना शिलेदाराच्या मनाची काय ओढाताण होत असेल, याचा विचार करा. शेजारी विचारणार, सोयरे विचारणार. यंदा कच्चा घोडा नेला तर चार पैसे मिळतील, पण वाटेत पाय गेला तर घोडाही गेला आणि शिलेदारीही गेली. यंदा थांबले तर वर्ष कोरडे जाणार, पण पुढची दहा-पंधरा वर्षे घोडा साथ देणार. धीर धरणे ही त्याच्यासाठी सोपी गोष्ट नव्हती. त्याला घरातल्या चुलीकडे पाहून ते ठरवावे लागे.

छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूण परिसरातल्या आपल्या लष्करी अधिकाऱ्यांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आत्ताच मन मानेल तशी उधळली तर ऐन पावसात काही मिळणार नाही, उपासाने घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय आहे. त्याच पत्रात रयतेला तोशीस न देण्याची सक्त ताकीद आहे. एवढ्या मोठ्या धामधुमीतल्या राजाने वैरणीच्या पेंढीचा हिशेब ठेवला. घोड्यावरची माया गवताच्या काडीपासून सुरू होते, हे त्याला ठाऊक होते.

आपल्या मराठीत घोडा शिकवणाऱ्याला चाबूकस्वार म्हणत. नावात चाबूक आहे खरा, पण कसबी चाबूकस्वाराची ओळख चाबूक न उगारण्यात असते. शिंगरू आईपासून तुटले की आधी त्याला हाताची सवय लावायची. अंगावर खरारा फिरवायचा, एकेक पाय उचलून खूर हाती घ्यायचे. मग मोरखी घालून बरोबर चालवायचे. पुढे लांब दोरीवर गोल फेरे, त्याला कावा देणे म्हणतात. नंतर तोंडात लगामाची कडी नुसती धरू द्यायची, रिकामे खोगीर चढवून फिरवायचे आणि वय झाल्यावर हलक्या अंगाच्या माणसाने थोडाच वेळ बसायचे. एखादी पायरी जमली नाही तर एक पायरी मागे यायचे. हे मागे येणे बघणाऱ्यांना खटकते. त्यांना वाटते, कालपर्यंत जमत होते, आज घोडा जिंकला आणि माणूस हरला. शिकवणाऱ्याला ठाऊक असते की आज मागे घेतलेले पाऊल पुढचे महिने वाचवणार आहे.

घाईला जग बळी पडले की काय होते, तेही इतिहास दाखवतो. इंग्लंडात पूर्वी राजाच्या बक्षिसाच्या शर्यती पाच-सहा वर्षांच्या जाणत्या घोड्यांच्या होत आणि त्या चार चार मैलांच्या असत. मग पैजांचा पैसा वाढला. घोडा पाच वर्षे पोसायचा आणि मग पळवायचा, एवढे थांबायला मालक तयार होईनात. १७७६ मध्ये सेंट लेजर आणि १७८० मध्ये डर्बी या मोठ्या शर्यती तीन वर्षांच्या घोड्यांसाठी सुरू झाल्या. त्याच शतकाच्या अखेरीस दोन वर्षांची शिंगरेही पळू लागली. घोड्याची हाडे होती तशीच राहिली, पक्की व्हायला लागणारा काळही तोच राहिला. बदलली ती माणसाची थांबण्याची ताकद.

आता पुन्हा आपल्या वाटेवर येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींच्या पालखी सोहळ्याची घडी बसवली. सातारा भागातल्या आरफळचे हे सत्पुरुष पूर्वी ग्वाल्हेरच्या शिंदे दरबारात सेवेला होते. लष्कराची शिस्त त्यांनी नामाच्या सेवेला जोडली. दिंड्यांचा क्रम, तळ, चोपदार, कर्णा आणि अश्व हे त्या शिस्तीचे अंग. या कार्यात बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांनी त्यांना साथ दिली. आजही माउलींचे अश्व अंकलीहून निघतात आणि मुक्काम करत करत पायी आळंदीला येतात. वाहनात घालून आणले असते तर एका दिवसात पोहोचले असते. पण पायी आलेला अश्व वाटेत माणसे पाहतो, गावे पाहतो, गजर ऐकतो. आळंदीला पोहोचेपर्यंत त्याचीही एक वारी झालेली असते. झेनोफनने मोतद्दाराला सांगितलेली गोष्ट आपल्या परंपरेने अशी वाटेवरच बसवून टाकली आहे.

माउली, लढाईसाठी घडलेला घोडा आपल्या संतांच्या सोहळ्यात आला तेव्हा त्याची पाठ मोकळी झाली. पाठीवर ओझे नाही, तोंडाला हिसका नाही, मागे चाबूक नाही. तरी तो धावतो आणि वाट सोडत नाही. जबरदस्तीने वाकवलेला घोडा असे धावू शकेल का? स्वार उतरला की तो उधळेल. विश्वासाने घडलेला घोडाच मोकळ्या पाठीने चालवता येतो.

कठोपनिषदाने शरीराला रथ, इंद्रियांना घोडे आणि मनाला लगाम म्हटले आहे. मनाचा चंचलपणा अर्जुनाने सहाव्या अध्यायात देवापुढे मांडला, आणि देवाने त्याला एका झटक्यात मन जिंकण्याची युक्ती दिली नाही. अभ्यास आणि वैराग्य सांगितले. मन जिथे जिथे पळेल तिथून तिथून त्याला हळूहळू परत आणावे, असे सांगितले. ज्ञानोबारायांनीही ते मायेने, समजुतीने उलगडून दाखवले आहे. आपण मात्र नाम घ्यायला बसतो, चार दिवसांत मन स्थिर झाले नाही की स्वतःवर चिडतो. कोणी म्हणते, "इतकी वर्षे माळ घातली, काय मिळाले?" आणि आपण खचतो. अशा वेळी चाबूकस्वार आठवावा. एक पायरी मागे यावे, हरिपाठाचा एक फेरा शांतपणे घ्यावा. वर्तन असेच घडते.

घरातल्या मुलांचेही हेच. शेजारचे मूल पुढे गेले, पाहुणे टक्के विचारतात, म्हणून आपण कोवळ्या पाठीवर खोगीर आवळतो. मूल अडले की ते हट्टी आहे असे आपण पटकन म्हणतो. ते कोणत्या सावलीला भ्यायले आहे, हे पाहायला आपल्याजवळ वेळ असतो का?

आणि शेवटी एक विनंती. यंदा रिंगणात अश्व दिसला की दर्शनाची ओढ प्रत्येकाला होणारच. पण त्याला अंगाभोवती मोकळी जागा द्या. त्याच्या मागून एकदम हात लावू नका, तोंडासमोर मोबाइल नाचवू नका. मोतद्दार "मागे सरा" म्हणाला तर राग मानू नका. त्या माणसाने अश्वासाठी कितीतरी दिवस लोकांची घाई अंगावर झेललेली असते. आपल्याला झेलायची ती एका घटकेची उत्सुकता. अश्वाला वाट देणे ही माउलींची सेवाच आहे. तो निर्भय धावून गेला की खाली वाका, माती कपाळी लावा आणि नाम घेत पुढच्या मुक्कामाकडे चला.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!